इशारा आणि विश्वास

राज्यसंस्थेकडून नागरिकाला जे काही मिळते, त्यात संकटाची पूर्वसूचना ही एक निराळ्याच जातीची गोष्ट आहे. रस्ता, धरण, शाळा ही कामे डोळ्यांनी पाहून पारखता येतात. दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्याचे तसे नाही. ज्या माहितीवर तो आधारलेला असतो, ती गुप्त ठेवणे भाग असते. हल्ला झाला नाही, तर तो इशाऱ्यामुळे टळला की मुळात होणारच नव्हता, हे सामान्य माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. अशा इशाऱ्याला सरकारच्या शब्दाखेरीज दुसरे तारण नाही. हा शब्द कसा टिकतो आणि कसा खालावतो, हे समजून घेण्यास अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, मार्च २००२ मध्ये, अमेरिकी सरकारने धोक्याची पंचरंगी श्रेणी जाहीर केली. हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे तिचे चढते रंग होते. पुढील नऊ वर्षांत देशाचा सर्वसाधारण रंग पिवळ्याच्या खाली एकदाही उतरला नाही. धोका सदैव आहेच असे सांगत राहिले, की त्या सांगण्याला अर्थ उरत नाही. शिवाय रंग बदलल्यावर नागरिकाने नेमके काय करावे, हेही स्पष्ट नव्हते. फेब्रुवारी २००३ मध्ये नारिंगी इशारा असताना घरात प्लॅस्टिकचे कापड व चिकटपट्टी बाळगण्याचा सल्ला देण्यात आला. दुकानांत झुंबड उडाली आणि लवकरच तो सल्ला थट्टेचा विषय झाला.

थट्टेहून संशय अधिक घातक. २००४ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. जुलैच्या अखेरीस बॉस्टन येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात जॉन केरी यांनी उमेदवारी स्वीकारली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ ऑगस्टला, न्यू यॉर्क, नेवार्क व वॉशिंग्टन येथील वित्तसंस्थांना धोका असल्याचा इशारा अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री टॉम रिज यांनी दिला. त्यामागील बरीचशी माहिती तीन-चार वर्षांपूर्वीची असल्याचे लगोलग उघड झाले. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातील रॉब विलर यांनी अशा इशाऱ्यांचा व जनमत चाचण्यांचा ताळा घेतला. इशाऱ्यानंतर अध्यक्ष बुश यांना पसंती देणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत सरासरी २.७५ ने वाढत असल्याचे त्यांना आढळले. इशारे त्याचसाठी दिले गेले, असे यावरून सिद्ध होत नाही. मोह कोठे दडलेला होता, एवढे मात्र दिसते.

पण याच प्रकरणाला दुसरी बाजू आहे. त्या इमारतींची टेहळणी खरोखरच झाली होती. ती करणाऱ्या धिरेन बारोट याला त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये अटक झाली. २००६ मध्ये त्याने हत्येच्या कटाचा गुन्हा कबूल केला व त्याला जन्मठेप झाली. म्हणजे कट खरा होता आणि इशाऱ्याच्या वेळेविषयीचा संशयही अस्वाभाविक नव्हता. राजकीय हेतूचा वास आला, की खऱ्या माहितीचेही मोल घसरते. पुढे २००९ मध्ये रिज यांनी आपल्या पुस्तकात आणखी एक प्रसंग नमूद केला. २००४ च्या मतदानाच्या तोंडावर बिन लादेनची ध्वनिचित्रफीत प्रसृत झाली. तेव्हा काही ज्येष्ठ सहकाऱ्यांनी इशाऱ्याची पातळी वाढवण्याचा आग्रह धरला आणि हे सुरक्षेसाठी की राजकारणासाठी, असा प्रश्न रिज यांना पडला. पातळी वाढवली गेली नाही. राजकीय हेतूचा आरोप सरकारातील इतरांनी नाकारला. तथापि खात्याच्या प्रमुखालाच शंका येत असेल, तर शंका घेणाऱ्या नागरिकाला दोष कसा द्यावा?

ब्रिटनने निराळी वाट धरली. तेथे २००३ मध्ये स्थापन झालेले संयुक्त दहशतवाद विश्लेषण केंद्र मंत्र्यांच्या हस्तक्षेपाविना धोक्याची पातळी ठरवते. या केंद्राचेही अंदाज चुकले आहेत. मे २००५ मध्ये त्याने पातळी एका पायरीने खाली आणली आणि ७ जुलैला लंडनमधील बॉम्बस्फोटांत ५२ निरपराध माणसे मारली गेली. संसद सदस्यांच्या समितीने या निर्णयाची चिकित्सा करून २००६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी १ ऑगस्टपासून धोक्याची पातळी लोकांसमोर जाहीर होऊ लागली. ज्याला निवडणूक लढवायची नाही, त्याची चूक ही चूक म्हणून तपासता येते. निवडणूक लढवणाऱ्याची चूक मात्र कावा म्हणूनच पाहिली जाण्याचा संभव असतो.

अमेरिकेनेही एप्रिल २०११ मध्ये पंचरंगी श्रेणी मोडीत काढली. नव्या पद्धतीत इशाऱ्याला मुदत घातली गेली, तसेच धोका कशाचा आणि लोकांनी काय करावे, हे शक्य तितके सांगण्याचे ठरले. या अनुभवातून तीन कसोट्या हाती येतात: इशारा नेमका असावा, मुदतीचा असावा आणि त्याचा हिशेब नंतर स्वतंत्र माणसांपुढे मांडला जावा.

‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील खोटारडा मुलगा आपल्या स्मरणात राहतो. पण शेवटी लांडगा खरोखरच आला होता आणि मोल मेंढ्यांना द्यावे लागले, याचा आपल्याला विसर पडतो. म्हणून प्रत्येक इशारा झिडकारणे हे शहाणपण नव्हे, आणि प्रत्येक इशाऱ्यापुढे मान तुकवणे हेही नागरिकत्व नव्हे. इशारा मिळाला की सावध व्हावे, आणि संकटाची वेळ टळली की त्याचा जाब विचारावा. जेथे जाब विचारता येतो, तेथेच पुढच्या हाकेला लोक धावून येतात.