नाव एकीचे, बँड सहा जणांचा

बँड म्हटला की आपल्याकडे वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर येतो. आम्हांला सांगावयाचे आहे ते तशा बँडविषयी नव्हे. पाचसहा जणांनी मिळून गाणी रचावीत, आपणच ती गावीत-वाजवावीत आणि त्यांच्या तबकड्या काढाव्यात, अशी पश्चिमेकडील रीत आहे. न्यूयॉर्कच्या ‘ब्लाँडी’ या बँडची आणि त्याच्या गायिका डेबोरा हॅरी यांची हकीकत आम्ही निवडली तेव्हा कार्यवाहांनी आमच्याकडे जरा चमकून पाहिले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, महागाईभत्ता सोडून हे काय काढले? परंतु या हकीकतीत मजुरी आहे, करार आहे, यंत्र आहे आणि एका नावावरून झालेली कोर्टकचेरीही आहे. तेव्हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा नाही.

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले होते. हजारो पालिका कामगारांना नारळ मिळाला. जुलैत सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. १७ ऑक्टोबरला शिक्षक संघटनेने आपल्या निवृत्तिवेतनाच्या निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे शहराची अब्रू वाचली. अशा पडत्या शहरात जागा स्वस्त मिळते. बॉवरी या बकाल रस्त्यावरच्या ‘सीबीजीबी’ नावाच्या गुत्त्यात नवी पोरे येऊन वाजवू लागली. त्या काळचे बडे रॉक संगीत लांबलचक आणि खर्चिक झाले होते. या पोरांनी दोन-तीन मिनिटांची, धारदार गाणी काढली. त्यास ‘पंक’ म्हणत. पुढे ज्यांनी त्या झपाट्यात जुन्या गोड चाली, विजेची वाद्ये आणि नाचाचे ठेके मिसळले त्यांस ‘न्यू वेव्ह’, म्हणजे नवी लाट, असे नाव पडले. ‘पंक’ या शब्दाला रेडिओवाले बिचकत, म्हणून विक्रेत्यांना हे सभ्य नाव सोयीचे वाटले, ही त्यातली आतली गोष्ट.

हॅरीबाईंचा जन्म १९४५ चा. तीन महिन्यांच्या असताना त्यांना न्यू जर्सीतील एका कुटुंबाने दत्तक घेतले. गाण्यावर पोट भरू लागण्यापूर्वी त्यांनी बीबीसीच्या न्यूयॉर्क कचेरीत सेक्रेटरीचे काम केले, खाणावळीत वाढपीण झाल्या, क्लबात नाचल्या. १९७४ मध्ये गिटारवाले ख्रिस स्टाईन यांच्याबरोबर त्यांनी बँड उभा केला. केस सोनेरी रंगवल्यावर रस्त्याने जाताना ट्रकवाले ‘ए ब्लाँडी’ म्हणून हाका मारीत. बाईंनी ती टवाळी उचलून बँडलाच ते नाव दिले. हा धीटपणा आम्हांला आवडला. पण पुढची सारी भांडणे याच नावातून निघाली.

१९७६ अखेर पहिली तबकडी निघाली. कंपनीने जाहिरातीसाठी काय करावे? झिरझिरीत पोलक्यातील एकट्या हॅरीबाईंचे चित्र, त्यांची संमती नसताना, भिंतींवर लावले. बाकीचे वाजवणारे गायब, आणि जिचे चित्र लागले तीही संतापलेली! पुढच्याच वर्षी करार दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. १९७८ च्या ‘पॅरलल लाइन्स’ या तबकडीच्या वेष्टणावर मात्र सहाही जण आहेत: काळ्या सुटातले पाच हसरे पुरुष आणि मध्ये पांढऱ्या झग्यातल्या, हसू न फुटलेल्या बाई. हे वेष्टण बँडला पसंत नव्हते. व्यवस्थापकाने ते पुढे रेटले.

त्या तबकडीतील ‘हार्ट ऑफ ग्लास’ हे गाणे १९७९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. ठेका धरण्यासाठी त्यात एक यंत्र वापरले होते, आणि ड्रम वाजवणारे क्लेम बर्क यांना त्या यंत्राच्या टिकटिकीशी जुळवून वाजवावे लागले. गिरणीत नवे यंत्र आल्यावर जुन्या विणकराचा चेहरा कसा होतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. १९८१ मध्ये ‘रॅप्चर’ गाजले. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले, रॅप असलेले ते पहिले गाणे.

एव्हाना लोक ब्लाँडी हे बाईंचेच नाव समजू लागले होते. म्हणून १९७९ मध्ये ‘ब्लाँडी हा समूह आहे’ असे छापलेले बिल्ले वाटण्याची मोहीम निघाली. बिल्ले वाटून हे कितपत साधावे! एका संपाच्या वेळी वर्तमानपत्रात एकट्या आमचाच फोटो छापून आला होता. चाळीस दिवस फाटकावर बसलेल्या बायांपैकी एकीने तो आमच्यापुढे धरला आणि ती काही बोलली नाही.

आता पैशाचे पाहू. गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक रचनेची, दुसरी ध्वनिमुद्रणाची. अमेरिकेत रेडिओ केंद्रावरून गाणे लागले की रचणाऱ्याला पैसे मिळतात. गाणाऱ्याला वा वाजवणाऱ्याला त्याबद्दल एक सेंटही मिळत नाही. ‘हार्ट ऑफ ग्लास’ व ‘रॅप्चर’ यांचे रचनाकार हॅरी आणि स्टाईन. म्हणजे ही गाणी तेथल्या रेडिओवर हजार वेळा लागोत, बर्क यांच्या हातांना त्याचा मोबदला शून्य. सहा जण एका गाडीतून फिरतात, पण मिळकत सारखी नसते. गिटारवादक फ्रँक इन्फान्टे यांनी आपल्याला एका तबकडीत पुरेसे घेतले नाही म्हणून दावा लावला. तो बाहेर मिटला.

१९८२ मध्ये बँड मोडला. स्टाईन यांना पेम्फिगस हा कातडीवर फोड आणणारा दुर्धर रोग झाला. हॅरीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. कमाईच्या ऐन वर्षांतले कर भरलेच गेले नव्हते आणि घर हातचे गेले, असे त्यांनी २०१९ च्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. आम्ही आधी नाकारलेल्या वादकांच्याच बाजूने होतो. हे वाचल्यावर मात्र बाईंना मालकवर्गात बसवणे आम्हांला जमेना.

१९९७ मध्ये बँड पुन्हा जमला. इन्फान्टे आणि बासवादक नायजेल हॅरिसन यांना त्यात घेतले नाही. हे नाव आमच्यावाचून वापरू नये म्हणून ते कोर्टात गेले आणि हरले. १९९९ मध्ये ‘मारिया’ हे गाणे ब्रिटनमध्ये पहिले आले. २००६ साली अमेरिकेतील रॉक संगीताच्या मानाच्या सभागृहात ब्लाँडीच्या सात आजी-माजी सभासदांची नावे दाखल झाली. त्या समारंभात इन्फान्टे यांनी ध्वनिक्षेपकावरून, सर्वांदेखत, एकदा बरोबर वाजवू देण्याची विनंती केली. हॅरीबाईंनी नकार दिला.

बर्क शेवटपर्यंत वाजवीत राहिले. इंग्लंडमधील संशोधकांनी त्यांच्या अंगाला यंत्रे लावून कार्यक्रमातल्या श्रमाचे माप घेतले. नाडी मिनिटाला सरासरी १४० ते १५० पडे आणि कधी १९० वर जाई. तासाला ४०० ते ६०० कॅलरी खर्च होत. फुटबॉल खेळणाऱ्याइतकी ही मेहनत भरली. त्यानंतर ग्लॉस्टरशायर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. एप्रिल २०२५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते वारले.