दगड उलटून बघा

जुलै २०१३. इंग्लंडमध्ये मार्लबरो गावाजवळ केनेट नदीचं पाणी वरवर नेहमीसारखंच होतं. मासे मरून वर आलेले नव्हते. पण नेहमीच्या पाहणीसाठी जाळी घेऊन उतरलेल्या स्थानिक स्वयंसेवकांना तळाचे किडे आणि चिमुकले झिंगे यांचा जवळजवळ सफाया झालेला दिसला. त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवलं, पाणी प्रयोगशाळेत गेलं आणि नाव पुढे आलं क्लोरपायरिफॉसचं. आपल्याकडे वाळवीवर आणि पिकांवर मारतात तेच कीटकनाशक. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून ते नदीत उतरलं होतं. जेमतेम काही चमचे औषध असावं, असा अंदाज होता. मार बसला तो सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्याला.

इथे आधी किडे बोलले, रसायनशास्त्र मागाहून आलं. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतंच सांगतं. कुणी मध्यरात्री टँकर रिकामा केला आणि नमुना दुपारी घेतला, तर अहवाल साफ येऊ शकतो. मेफ्लाय नावाचा कीटक पंख फुटल्यावर फार तर काही दिवस जगतो, पण त्याची पिल्लं कित्येक आठवडे, थंड प्रदेशात वर्षभरही, तळाशीच वाढतात. तेवढ्या काळात वरून जे जे आलं, ते त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं.

वाहत्या ओढ्यातला एखादा गोटा अलगद उचलून पालथा करा. चपट्या अंगाचं, बहुधा तीन शेपट्यांचं पिल्लू तिरपं सरकत दुसऱ्या बाजूला पळेल. भिंगातून पाहिलं तर पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले थरथरताना दिसतात. पाण्यातला प्राणवायू घटला की असे जीव आधी जातात. गटाराच्या गाळात मात्र लालभडक अळ्या खुशाल वळवळत असतात. त्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनॉमिड माशीच्या. लाली हिमोग्लोबिनची, म्हणून अपुऱ्या प्राणवायूतही त्यांचं भागतं.

ब्रिटनमध्ये १९८०च्या सुमारास या जीवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत रुळली. स्टोनफ्लाय या कीटकाच्या बहुतेक कुळांना १०, कायरोनॉमिडांना २, गाळातल्या गांडुळवर्गीयांना १. मेफ्लाय दिसली म्हणजे पाणी उत्तम, असंही नाही. तिच्या बेटिडी कुळाला ४च गुण आहेत. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही असे जैविक निकष ठरवले आहेत. तरी नदीचा विषय निघाला की आपली गाडी घाणीला लागणारा प्राणवायू मोजणाऱ्या बीओडी-सीओडीच्या आकड्यांवरच अडते. किड्यांची कुळं ओळखणारी माणसं तयार करणं हे यंत्र विकत घेण्याइतकं सोपं नाही, हे त्यामागचं एक कारण असावं.

अर्थात ब्रिटिश गुणपत्रक सह्याद्रीत जसंच्या तसं चालणार नाही. स्टोनफ्लायचा ओढा थंड पाण्याकडे, आणि आपले कितीतरी ओढे उन्हाळ्यात आटतात. जुलैच्या लोंढ्यात तळाचीच उलथापालथ होते, तेव्हा जाळी रिकामी आली म्हणून प्रदूषणाला दोष देता येत नाही. त्यापेक्षा पावसाळा ओसरून पाणी स्थिरावलं की सांडपाणी मिळतं त्याच्या वर आणि खाली, एकाच दिवशी, सारख्याच खडकाळ वाहत्या पाण्यात नमुने घ्यावेत. वर सापडलेली कुळं खाली गायब असतील, तर कुठलं रसायन शोधायचं ते प्रयोगशाळेने पाहावं. कुठे शोधायचं हे तोवर कळलेलं असेल.