'फ्री' म्हणजे नेमकं काय?

मागच्या वेळी आपण स्वातंत्र्याच्या कल्पनेविषयी बोललो. आज एकाच शब्दापाशी थांबू या. इंग्रजीतलं विशेषण, 'फ्री'.

प्रवेश फ्री. संध्याकाळी फ्री आहात का? शुगर-फ्री बिस्किटं. फ्री देश. शब्द एकच, रोजच्या बोलण्यात काही अडत नाही, विचार करताना मात्र अडतं. ते कसं, हे बघायला हाच शब्द आइसलँडच्या भाषेत नेऊ.

तिथे एका शब्दावर भागत नाही. पैसे पडत नसतील तर 'ओकेइपिस'. सुरुवातीचा 'ओ' नकाराचा, आपल्या 'अ'सारखा. उरलेल्या भागाचं नातं खरेदीशी. खुर्ची रिकामी असेल, माणूस कामातून मोकळा असेल, तर 'लोइस'. हाच शब्द शेवटी जोडला की 'सिकुरलोइस', म्हणजे बिनसाखरेचं. आणि माणूस किंवा देश स्वतंत्र असेल तर 'फ्र्याउल्स'. या शेवटच्या शब्दाची जुनी फोड बघा: ज्याची मान मोकळी आहे तो. मानेवर कुणाचं जू नाही!

खुद्द 'फ्री'चं कूळ तर आपल्या ओळखीचं आहे. संस्कृत 'प्रिय' त्याच मुळातला. जो आपल्या माणसांतला, तो प्रिय. तो दास नव्हे.

आता हे आपल्याकडे लावून बघू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या इंग्रजी नावात 'फ्री अँड कम्पल्सरी' असे शब्द आहेत. फ्री, आणि वर सक्तीचं? मराठीत 'मोफत व सक्तीचे' म्हटलं की कोडं उरत नाही. इथला 'फ्री' ओकेइपिस आहे, फ्र्याउल्स नव्हे.

पण प्रश्न तिथे संपत नाही. गावात शाळा मोफत आहे, तरी दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. शाळा ओकेइपिस आहे. मुलगी लोइस नाही. मग ती फ्र्याउल्स कधी होणार? म्हणूनच कायद्यातली सक्तीची व्याख्या महत्त्वाची. ती जबाबदारी सरकारवर टाकते: ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, हे सरकारने बघायचं. मुलाची मान मोकळी व्हावी म्हणून भार दुसऱ्या खांद्यावर.

तेव्हा कुणी काही 'फ्री' देऊ केलं, तर आपण एवढंच विचारावं: तिघांपैकी कोणतं?

पुढच्या वेळी इझाया बर्लिन यांचं १९५८चं व्याख्यान घेऊ.