खाचरातलं पाणी पुन्हा खाचरात

जपानच्या शिगा प्रांतात एप्रिलअखेर सलग सुट्ट्या येतात. तिथले बरेच भातशेतकरी एरवी नोकरी करतात. चिखलणी आणि लावणी ते याच दिवसांत उरकून घेतात. सगळ्यांची चिखलणी एकदम झाली की गढूळ पाण्याचे लोटही एकदमच चरांतून बिवा सरोवराकडे निघतात. त्या गाळाबरोबर खतातला नायट्रोजन आणि फॉस्फरसही वाहून जातो.

बिवा हे जपानमधलं सर्वांत मोठं सरोवर, सुमारे ६७० चौरस किलोमीटरचं. क्योटो-ओसाका भागातले सुमारे १.४ कोटी लोक त्याचं पाणी पितात. मे १९७७ मध्ये शैवाल माजून हे पाणी तांबूस झालं, त्याला मासळीसारखा वास सुटला. डिटर्जंटमधला फॉस्फरस शैवालाला पोसतो, म्हणून गृहिणींनी पुढाकार घेऊन डिटर्जंटऐवजी साबण वापरायची चळवळ उभारली. १९७९ साली प्रांताने फॉस्फरसयुक्त डिटर्जंटवर बंदी घालणारा कायदा केला. जनतेच्या रेट्याने झालेलं हे मोठंच काम. पण घराघरांतलं सांडपाणी नळीतून येतं, ते अडवता येतं. हजारो खाचरांतून झिरपणारं पाणी कुठे अडवायचं?

सरोवराकाठच्या सखल भागात याला एक उत्तर सापडलं. तिथे शेताला पाणी पंपानेच द्यावं लागतं. मग सरोवरातून नवं पाणी उपसण्याऐवजी, चरात उतरलेलं निचऱ्याचं पाणीच उचलून पुन्हा खाचरांत सोडायचं. कोनोहामा भागात संशोधकांनी अशा फेरवापराचा हिशेब मांडून पाहिला आहे.

यात पाणी वाचतं, पण खरी गंमत खाचराच्या तळाशी घडते. पाण्याखालच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथले जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायूरूपाने हवेत परत जातो. उरलेल्यातला काही भाग भाताची मुळं शोषून घेतात, मातीचे कण संथ पाण्यात खाली बसतात आणि त्यांना चिकटलेला फॉस्फरसही शेतातच राहतो. पाणी जितक्या वेळा खाचरातून जाईल, तितक्या वेळा ही संधी मिळते. सरोवराला मलिन करणारं शेतच असं पाणी गाळू लागतं, ही मला या साऱ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अर्थात फॉस्फरसचं गणित इतकं सरळ नाही. ऑक्सिजन फार घटला की मातीतल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. जिथे पाणी खारट आहे, तिथे ते फिरवत राहिल्यास क्षार साचतात. शिवाय चिखलणीच्या वेळी बांध फुटका आणि पाणी सोडायचं तोंड उघडं असेल, तर पंप लावून फारसं काही साधत नाही. पाणी बेताचं ठेवून चिखलणी करणं, लावणीआधी ते न सोडणं, खत टाकल्यावर काही दिवस निचरा बंद ठेवणं, हे बिनखर्चाचे उपाय आधी.

पंपाला मात्र वीज लागते आणि तिचं बिल शेतकऱ्याच्या माथी बसतं. फायदा सरोवराचा, पर्यायाने खालच्या शहरांचा. शिगाने २००३ साली पर्यावरणपूरक शेतीसाठी वेगळा कायदा करून अशी शेती करणाऱ्यांना आधार द्यायला सुरुवात केली, हे योग्यच झालं. जे स्वच्छ पाणी पितात त्यांनी त्या विजेचा भार उचलायलाच हवा.