थिऑसफींतील मार्गभेद

थिऑसफीचा मार्ग एकच काय, अशी पृच्छा विठ्ठलवाडीस आम्हांस होते. मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट ता. १६ फेब्रुवारी १८७९ रोजीं मुंबईस उतरले. १८८२ अखेरपर्यंत त्यांचें ठाणें तेथेंच होतें. बाईंचा आधार हिमालयापलीकडील महात्म्यांच्या उपदेशाचा, म्हणजे शब्दप्रमाणाचा. जर्मन शाखेचे चिटणीस रुडॉल्फ स्टायनर यांनीं अभ्यासानें शुद्ध केलेल्या स्वतःच्या विचारशक्तीस प्राधान्य दिलें. बाल कृष्णमूर्तींस भावी जगद्गुरूचें स्थान देणें त्यांस मान्य झालें नाहीं, व १९१३ त ते विभक्त झाले. पुढें १९२९ त खुद्द कृष्णमूर्तींनींच आपल्याभोंवतीं उभारलेला तारकासंघ विसर्जित करून गुरु व मार्ग दोन्ही नाकारले. सारांश, कलह व्यक्तींचा भासला तरी मूळ भेद प्रमाणाचा होय. साधकानें आधीं आपलें प्रमाण ठरवावें, मग मार्ग, असें आमचें मत आहे.