सारंगखेड्यात संकरित घोडा घेताना

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. आत वळलेले कान ही मारवाडी व काठेवाडी घोड्यांची ओळख; पण ते संकरित जनावरातही उतरू शकतात, म्हणून नुसत्या कानांवर भाव ठरवू नये. आम्ही कापडवाले ताणा-बाणा मोजून घेतो. संकरित घोड्यात कोणाचा स्वभाव किती उतरला, हे मोजता येत नाही. वरातीसाठी घ्यायचा तर ताशाजवळ उभा करून पाहावा. वय दातांवरून ओळखावे. समोरचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात, ५ व्या वर्षी तोंड पुरे होते. घोडा साधारण २५ ते ३० वर्षे जगतो. कामाची वर्षे त्याहून कमी. ती मोजूनच बयाणा द्यावा, नाहीतर भांडवल दावणीला बसून चारा खाते.