ससून रुग्णालय आणि आपला वैद्यधर्म

दौंड-शिरूर परिसरातील आम्हा वैद्यांना पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय परके नाही. दानशूर डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ रोजी येथेच कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. वीज गेल्याने ती कंदिलाच्या उजेडात पूर्ण झाली. शस्त्रसाध्य व्याधीत विलंब घातक ठरतो. म्हणूनच पक्व गुल्मात चरकाचार्यांनी धान्वंतरीयांचा अधिकार मान्य केला. तीव्र उदरशूल, सर्पदंश वा अडलेली बाळंतीण समोर येताच आम्ही वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी वेळ न दवडता रुग्णास जवळच्या शासकीय रुग्णालयात धाडावे, सोबत दिलेल्या औषधांची चिठ्ठी द्यावी. पुढे ससून आहेच.